चौदा नंबरचा चहा

आमच्या सेलूच्या बाजारात कौसडीकर वकील भेंडी घ्यायला बसले की आजूबाजूची गिऱ्हाईकं आपापला सौदा थांबवून बघत राहतात. चष्मा कपाळावर, पिशवी काखेत, पँटच्या मोऱ्या वर ओढून ते पारूबाईसमोर उकिडवे बसतात आणि कोर्टात साक्षीदाराला विचारावं तसं विचारतात, "पाच नंबर देतीस का?"

नवखा माणूस म्हणेल, भेंडीत कसला आलाय नंबर? पण पारूबाई काही नवखी नाही. ती मान वर न करता सांगते, "पाच बी देते, तेरा बी देते. उचला आता, मागं गिऱ्हाईक खोळंबलंय."

पाच नंबर म्हणजे मालाची हमी. भेंडी कोवळी निघेल. तेरा नंबर म्हणजे फारकत. जून निघालीच तर पुढच्या बाजारी परत, आणि दोघांच्या मनात काही राहायचं नाही. एवढं पक्कं झाल्याशिवाय या माणसाच्या घरात भेंडीसुद्धा शिजत नाही.

मी शोभा. तहसीलच्या समोर माझं टायपिंग आणि झेरॉक्सचं दुकान आहे, आणि दुकानाच्या पाठीमागच्या गल्लीत वकिलांचं घर. त्यामुळं गावाला ते बाजारापुरते दिसतात, माझ्या वाट्याला रोज आलेले आहेत. तरुणपणी ते काही दिवस कोर्टात उभे राहिले म्हणे. पण समोरच्या वकिलाचं भाषण ऐकून ते उठून विचारायचे, की एवढं बोललात त्यातलं नेमकं काय कुठल्या मुद्द्यात बसवायचं? न्यायाधीशांनाही एकदोनदा विचारलं. मग कोर्टानं आणि त्यांनी, दोघांनीही एकमेकांना तेरा नंबर दिला आणि ते घरी बसून करार लिहायला लागले.

त्यांचं म्हणणं एकच. जगातला कुठलाही करार घ्या, तो ठोकळ्यांचा असतो. कोण, काय, कधीपर्यंत, हमी कशाची, आफत आली तर कोण सोसणार, बाहेर पडायचं तर दार कुठं. गोदाम भाड्यानं द्या, कापूस जिनिंगला घाला, हार्वेस्टर शेतात उतरवा, नाहीतर लग्नाला बँड सांगा. ठोकळे तेच, फक्त मांडणी निराळी. "वीट तीच असती ओ शोभाताई. कुणी देऊळ बांधतंय, कुणी न्हाणी. मग दरवेळी नवीन वीट कशाला भाजायची?"

पूर्वी त्यांनी हे सगळे ठोकळे पट्ट्यापट्ट्यांवर छापून आणले होते. गिऱ्हाईक आलं की लागतील त्या पट्ट्या काढायच्या आणि खळीनं कागदावर चिकटवायच्या. करार वाळत घालावा लागायचा. त्यांच्या अंगणात दोरीवर टॉवेल, बनियन आणि तीनचार इकरारनामे असं एकत्र वाळत असायचं. मी दुकान टाकलं तेव्हा ते सगळे ठोकळे त्यांनी माझ्याकडून कॉम्प्युटरमध्ये घालून घेतले, तेव्हा कुठं दोरी मोकळी झाली. आता ते नुसते नंबर सांगतात आणि मी जोडते. पुण्यात कॉम्प्युटरचं काम करणारा माझा भाचा एकदा दुकानात बसून हे बघत होता. म्हणाला, मामी, आम्ही प्रोग्राम असेच लिहितो, एकदा तपासून घेतलेला तुकडा पुन्हापुन्हा वापरतो. मी कौतुकानं वकिलांना सांगितलं. त्यांनी शांतपणे विचारलं, "पुण्याला आता कळालं का?"

बाकी माणूस गरीब, पण दोन बाबतींत त्यांच्याशी गाठ नको. पहिली, ठोकळ्यात फरक करायचा नाही. काना नाही, मात्रा नाही, एक स्वल्पविराम इकडचा तिकडं केलेला चालत नाही. मी एकदा एका वाक्यात "तसेच" दोनदा आलं म्हणून एक काढलं, तर चार दिवस माझ्याशी बोलले नाहीत. वीट तासली की भिंत गेली, एवढंच जाताना म्हणाले.

दुसरी गोष्ट म्हणजे काही शब्दांशी त्यांचं उभं वैर आहे. "अंदाजे", "बघू", आणि सगळ्यांत वाईट म्हणजे "शक्यतो". माझ्या पुतणीच्या लग्नपत्रिकेत मी हौसेनं खाली छापलं होतं, शक्यतो वेळेवर यावे. दुसऱ्या दिवशी पत्रिका परत आली. त्या शब्दाभोवती लाल गोल. पाठोपाठ स्वतः आले. "शक्यतो म्हणजे आलं तरी चालंल, न्हाई आलं तरी चालंल. मग बोलावलंय कशाला?" मी म्हटलं, अहो रीत असते बोलायची. ते म्हणाले, रीत असंल तर रीतीला बोलवा. आणि लग्नाला मात्र पत्रिकेतल्या वेळेला टेकून हजर. तेव्हा मांडवाला कापड लागायचं होतं, नवरी केस धूत होती. आचाऱ्यानं त्यांनाच कांदे सोलायला बसवलं, आणि त्यांनी ते निमूट सोलले.

नंबरांचं वेड म्हटल्यावर घोटाळे होणारच. एकदा एका बँडवाल्याचा करार करायचा होता. वकिलांना ताप आलेला, नंबर त्यांनी पडल्यापडल्या पाठ म्हणून दाखवले आणि मी जोडले. बँडवाल्यानं सही केली, वरबापानं सही केली. दुसऱ्या दिवशी ताप उतरल्यावर वकिलांनी वाचलं तर मधेच गोदामाचा ठोकळा बसलेला. बँडपथक ओल, वाळवी, उंदीर व घुशी यांपासून मुक्त ठेवण्याची जबाबदारी वरपक्षाची राहील! मी हसूनहसून खुर्चीवरून पडायची बाकी. वकील घाबरून वरबापाकडं धावले, तर तो म्हणाला, असू द्या साहेब, रीतसर आहे, आम्ही त्यांच्या खोलीत पिंजरे लावलेत. बँडवाले अजून सांगतात की इतकी चांगली सोय कुठल्याच लग्नात झाली नाही.

लोक त्यांना मागं ठोकळेवकील म्हणतात. ते नाव काही नुसत्या बोलण्यावरून पडलेलं नाही, त्यांच्याकडं खरोखरचे लाकडी ठोकळे आहेत. त्यांच्या पत्नी कमलकाकू बालवाडी चालवायच्या. एक दिवस वकील कुरकुरत होते की लोक करार न वाचताच अंगठे करतात, शिकलेले तर त्याहून न वाचता सह्या करतात. काकूंनी बालवाडीतली जुन्या ठोकळ्यांची पेटी त्यांच्यापुढं ठेवली आणि म्हणाल्या, वाचून समजत नसंल तर मांडून दाखवा, माझ्या लेकरांना समजतंय. तेव्हापासून ओसरीवर करार मांडला जातो. हमीचा ठोकळा लाल, मुदतीचा हिरवा, आफतीचा काळा. फारकतीच्या ठोकळ्यावर काकूंनी स्वतः एक छोटं दार रंगवलंय, कडीसकट.

आणि चौदा नंबर. तो पूर्ण काकूंचा.

पूर्वी तकरार झाली की दोन्हीकडचे लोक वकिलांच्या दारात येऊन भांडायचे. काकूंना ते मुळीच खपायचं नाही. त्या दोघांनाही ओसरीवर बसवायच्या, समोरासमोर, आणि चहा द्यायच्या. चहा असा सणसणीत गरम की बशीत ओतूनही फुंकत बसावं लागायचं. फुंकताना भांडता येत नाही. कप रिकामा होईपर्यंत निम्मा राग निवलेला असायचा, आणि उरलेल्या निम्म्यासाठी काकू दुसरा कप आणायच्या. वकिलांनी हे वर्षभर पाहिलं आणि त्याचा ठोकळा करून टाकला. त्यांच्या प्रत्येक कराराच्या शेवटी तो असतोच: वाद उद्भवल्यास उभय पक्ष कोर्टात जाण्यापूर्वी सेलू मुक्कामी वकील कौसडीकर यांच्या ओसरीवर समोरासमोर बसून चहा घेतील, व चहा संपेपर्यंत कोणीही उठणार नाही.

काकू जाऊन आता काही वर्षं झाली. मुलगी दूर बंगळूरला. ठोकळा कराराच्या शेवटी तसाच राहिला. वकील एकटेच राहतात, दुपारी ओसरी झाडतात, दोन्ही बाजूंच्या सतरंज्या समोरासमोर टाकतात आणि मधे पेपर वाचत बसतात. मला वाटायचं, सवय आहे एकेकाची.

आता मंगलवन्सची गोष्ट सांगते, कारण खरी गोष्ट ती आहे. मंगल माझी थोरली नणंद, वालूरला असते. तिच्या गटातल्या बायका कुरडया करतात, आणि मी नणंद म्हणून सांगत नाही, पण तशी कुरडई परभणी जिल्ह्यात दुसरी नाही. तेलात सोडली की फुलून कढई भरून टाकते. पुण्याच्या एका मोठ्या कंपनीला ती आवडली. वर्षभर माल घेऊ म्हणाले आणि इंग्रजीतला जाडजूड करार पाठवून दिला. बायकांनी या एका ऑर्डरीवर काय काय ठरवलं होतं! उन्हाळा संपला की कामाला बाहेरगावी जाणाऱ्या दोघीतिघी या वर्षी गावातच राहणार होत्या. वन्स करार घेऊन माझ्याकडं आली, म्हणाली, शोभा, सही कुठं करायची तेवढं दाखव. मी तिचा हात धरला आणि पाठीमागच्या गल्लीत नेलं.

वकिलांनी तो करार आठवडाभर वाचला. मग सगळ्याजणींना वालूरहून बोलावून घेतलं आणि ओसरीवर ठोकळे मांडले. एका रांगेत कंपनीचे, एका रांगेत गटाचे. बायका पदर खोचून बघत बसल्या. कंपनीच्या रांगेत दाराचा ठोकळा होता. गटाच्या रांगेत ती जागा रिकामी. वकिलांनी तिथं बोट ठेवलं. वन्सच म्हणाली, "म्हंजी त्येन्ला कवाबी जाता येतंय, आन आमाला न्हाई व्हय?"

"बराबर," वकील म्हणाले. "घर चांगलं हाय. पण तुमच्याकडून दार न्हाई."

कंपनीच्या वतीनं अनिकेत नावाचा एक तरुण अधिकारी फोनवर बोलायचा. पोरगा सालस होता. करार वकिलांच्या ठोकळ्यांत नव्यानं लिहायला आणि दोघांनाही दार द्यायला तो लगेच तयार झाला. मुदत वाढवून दिली. चौदा नंबरला मात्र तो अडला. सर, वाद झाला तर पुण्यात बघू ना, चहा कशाला? वकील म्हणाले, पुण्यात बघाच, पण आधी सेलूत चहा प्या. तो हसला, म्हणाला ठीक आहे सर, चहाच तर आहे. सह्या झाल्या. वन्सनं सगळ्यांना पेढे वाटले आणि पहिला माल पुण्याला गेला.

तिथून निरोप आला की निम्म्या कुरडया भुगा होऊन पोचल्या. दुसऱ्या खेपेलाही तेच. कंपनीनं पुढचा माल थांबवला आणि कळवलं की आम्ही तेरा नंबरनं बाहेर पडतोय.

वन्स दुकानात आली तेव्हा तिचा चेहरा बघवत नव्हता. बाहेरगावी जाणाऱ्या बायकांनी कामाला नेणाऱ्या मुकादमाला पुन्हा फोन लावले होते. मी तिला घेऊन वकिलांकडं गेले. वकिलांनी करार काढला, चष्मा कपाळावरून नाकावर आणला आणि पहिल्यापासून शेवटपर्यंत बोट फिरवलं. मग पुन्हा फिरवलं. माल कसा भरायचा, वाटेत कसा हाताळायचा, याचा ठोकळाच त्यात नव्हता.

मी त्यांना इतकं पडलेलं कधी पाहिलं नाही. पोत्यांचा ठोकळा होता त्यांच्याकडं, गाठींचा होता, डब्यांचा होता. कुरडईचा नव्हता. आणि नसायचं कारण मी तुम्हाला सांगते, कारण ते आमच्याकडच्याच माणसाच्या हातून होऊ शकतं. आमच्यात लेक माहेरून निघाली की बॅगा एसटीच्या टपावर जातात, पण कुरडयांचा डबा मांडीवर. कुणाचा धक्का लागला तर त्याची धडगत नसते. जीपमधे अनोळखी बाईसुद्धा विचारते, कुरडया हायत का बाई, मग इकडं सरका. कुरडई जपून न्यायची असते हे करारात लिहावं असं वकिलांच्या मनात आलं नाही, माझ्या आलं नाही, वन्सच्याही नाही. पाणी ओलं असतं हे कुणी लिहितं का? आणि पुण्याच्या खोक्यांत त्या बापड्या उभ्या कोंबल्या जात होत्या, खोक्यावर खोकं चढत होतं.

"माझ्याकडं ह्याचा ठोकळा न्हाई," वकील म्हणाले. वन्सकडं न बघता म्हणाले. "चूक माझी हाय, मंगलबाई."

मीच म्हटलं, वकीलसाहेब, चौदा आहे की. त्यांनी मान वर केली. ते चारचौघांसारखे हसत नाहीत. पण तेव्हा त्यांच्या तोंडावर काहीतरी उजाडलं. लगेच उठले आणि अनिकेतला फोन लावला. तो बिचारा कामात होता, म्हणत होता व्हिडिओवर बोलू या का. वकिलांनी त्याला कलम वाचून दाखवलं. ओसरीवर. समोरासमोर. व्हिडिओत चहा कसा देणार? शेवटी तो तयार झाला. सही केली होती ना त्यानं.

त्यानंतर वकिलांची जी धांदल उडाली ती सांगण्यासारखी आहे. ओसरीला चुना झाला. सतरंज्या धुऊन आल्या. नव्या कपबश्या आणल्या, निळ्या फुलांच्या, आणि दुकानात येऊन मला दाखवल्या. कप दाखवून झाले तरी जाईनात. इकडं बघतात, तिकडं बघतात. मी म्हटलं, अजून काही टाइप करायचंय का? तर हळूच विचारलं, चहा कसा करतेत?

मला आधी हसू आलं. वकिलांच्या हातचा चहा काकू असताना मी एकदा प्यायले होते. तो पिऊन उलट भांडण लागलं असतं. मी सांगायला लागले, आधण ठेवा, आलं ठेचून टाका. किती आलं? म्हटलं, अंदाजे. त्यांनी माझ्याकडं असं बघितलं की मी गप बसले आणि स्वतः बोटाचं पेर धरून दाखवलं. मग विचारलं, काकू गेल्यापासून कुणालाच चहा केला नाही का तुम्ही? ते कपबश्या पुन्हा कागदात गुंडाळत होते. म्हणाले, चौदा लागलाच न्हाई.

तेव्हा कुठं माझ्या डोक्यात उजेड पडला. लागणार कसा? त्यांचे करार इतके नेमके झाले होते की भांडायला कुणाला फटच राहिली नव्हती. हमी तिथं हमी, दार तिथं दार. माणसं सह्या करत होती, आपापली कामं करत होती आणि सुखानं घरी जात होती. या माणसानं आयुष्यभर वीट पारखून घेतली, भिंत पक्की केली, आणि त्याच भिंतीपायी त्याच्या ओसरीवर कुणी येईनासं झालं होतं. आणि तो रोज दुपारी दोन्ही बाजूंना सतरंज्या टाकत होता. मला फार वाईट वाटलं. एवढी रोज बघणारी मी, मलाही कळलं नव्हतं.

अनिकेत आला तो एसटीनं जिंतूर रस्त्यानं धक्के खात. सडपातळ, मोठाल्या डोळ्यांचा. वन्स आणि तिच्या बायका एका सतरंजीवर, तो समोरच्या सतरंजीवर एकटाच, जरा बावरलेला. मधे ठोकळे. वकील आतून चहा घेऊन आले. घाईत थोडा बशीत सांडला. पण चहा मात्र सणसणीत गरम होता, आणि काय सांगू, आलं बरोबर होतं. सगळे फुंकायला लागले.

वन्सनं येताना कुरडयांचा डबा आणला होता, अर्थातच मांडीवर. तिनं झाकण काढून त्याच्यापुढं धरला. आत साडीचा मऊ तुकडा, त्यावर कुरडया आडव्या, मधे कागद, एकही तुटलेली नाही. अनिकेत बघतच राहिला. मग बशी खाली ठेवून म्हणाला, "आमची आजी अशाच ठेवायची. परातीत, आडव्या. आम्हाला हात लावू द्यायची नाही."

"मग खोक्यात उभ्या कुणी भरल्या?" वन्सनं विचारलं. रागानं नाही, खरंच विचारलं.

"आमच्याकडचं खोकं बिस्किटांचं आहे," तो म्हणाला आणि स्वतःच कपाळाला हात लावला. "माझ्या लक्षातच आलं नाही. रोज तेच खोकं वापरतो आम्ही."

वकिलांनी हे ऐकलं आणि त्यांच्या खांद्यावरचं ओझं उतरलेलं मला दिसलं. त्यांच्याकडं कुरडईचा ठोकळा नव्हता म्हणून घोटाळा झाला होता, आणि कंपनीकडं सगळ्याला एकच खोकं होतं म्हणूनही. दुसरा कप यायच्या आत फैसला झाला. कंपनी चपट्या खोक्यांची सोय करणार, बायका आपल्या पद्धतीनं भरणार, फुटीतली जबाबदारी वाटून घ्यायची. करार कायम. एका बाईनं तिथल्यातिथं मुकादमाला फोन करून कळवलं की यंदा आमचं नाव काढा.

अनिकेतला सोडायला बायका स्टँडवर गेल्या. मी कपबश्या आत नेऊ लागले तर वकील म्हणाले, राहू द्या जरा. ते रिकाम्या सतरंज्यांकडं बघत बसले होते. दाराचा छोटा ठोकळा हातात घेऊन त्यावरची कडी अंगठ्यानं पुसत होते.

"लय दिवसांनी लागला चौदा," ते म्हणाले. मग थोड्या वेळानं, "करार इतके पक्के करायला नको होते, शोभाताई."

मी उरलेले ठोकळे पेटीत भरायला लागले. बोलले असते तर रडले असते, आणि त्यांच्यापुढं मला रडायचं नव्हतं.

या वर्षी करार पुन्हा करायचा होता. वकिलांनी नंबर सांगितले, नवीन कुरडईचा ठोकळाही सांगितला, तो त्यांनी लिहून काढलाय, त्यात साडीच्या तुकड्यापासून सगळं आहे. मी सगळं जोडलं. आणि मग, त्यांना न विचारता, चौदा नंबरच्या खाली वन्सशी आणि अनिकेतशी फोनवर ठरवून ठेवलेली एक ओळ माझ्या मनानं घातली. छापलं आणि दुकानातच त्यांना वाचायला दिलं. ते एकेक ठोकळा टिचकी मारून पुढं सरकत होते. चौदापाशी आले आणि थांबले.

मी लिहिलं होतं: वाद असो वा नसो, गटातील बायका दर महिन्याच्या शेवटच्या शनिवारी दुपारी शक्यतो वकील कौसडीकर यांच्या ओसरीवर चहास येतील, व कंपनीचा प्रतिनिधी सेलूस असल्यास तोही येईल.

"ठोकळ्याला हात कुणी लावला?"

मी म्हटलं, मी. आणि चार दिवसांच्या अबोल्याची मनातल्या मनात तयारी केली.

त्यांनी ती ओळ पुन्हा वाचली. बाहेर तहसीलच्या आवारात कुणीतरी गाडी सुरू करायचा प्रयत्न करत होतं, ती सुरू होऊन निघून गेली तरी ते वाचतच होते. मग म्हणाले, "चौदात न्हाई बसत हे. येगळं हाय." खिशातून लाल पेन काढलं आणि ओळीच्या आधी नीट अक्षरात लिहिलं, चौदा-अ. आणि मग "शक्यतो" या शब्दावर एक सरळ रेघ मारली. दोनदा मारली.

कागद माझ्या हातात देऊन ते बाहेरच्या दारापर्यंत गेले आणि तिथूनच म्हणाले, कपबश्या अजून लागतील, बाजारात जायलोय.

आता महिन्याच्या शेवटच्या शनिवारी दुपारी त्यांच्या ओसरीवर बसायला जागा नसते. वालूरच्या बायका असतात, पारूबाई असते, बँडवाला असतो, कधीमधी अनिकेतही येतो, आणि ज्यांचा करारच नाही असेही लोक येऊन बसतात. चहा संपेपर्यंत कुणी उठत नाही, कारण तसं लिहिलेलं आहे. तेवढ्या वेळापुरतं मी दुकान बंद ठेवते आणि शटरवर खडूनं लिहून जाते, चौदा-अ. कुठं गेलात म्हणून कुणी विचारत नाही. ज्याला झेरॉक्स हवी असते तो सरळ पाठीमागच्या गल्लीत येतो आणि बशी मागतो.